अग्नी दिला

“‘जाळत असताना’ असं लिहिलंय,” विनेश हवालदार म्हणाला. त्याने कागद तिच्याकडे फिरवला आणि पेन उघडून कागदावर आडवं ठेवलं. “खाली सही केलीत की झालं, बाई.”

शब्द एवढासाच. सुपारी सोलताना नखाखाली कुसळ जावं तसा तो भार्गवीला लागला. रक्त येत नाही, पण हात थांबतो. तिने पुन्हा वाचलं. दिनांक सोळा ऑगस्ट रोजी दुपारी सव्वातीनच्या सुमारास मी दरवर्षीप्रमाणे गोळा केलेले जुने व फाटके राष्ट्रध्वज दिघी येथील शाळेमागे खाडीच्या काठी जाळत असताना सदर परदेशी इसमाने मला ढकलून देऊन सदर ध्वज पायांखाली तुडवले. अक्षर चांगलं होतं. ऱ्हस्व-दीर्घाची एकही चूक नव्हती. पंचवीस वर्षं मराठी शिकवून तिला सवयच झाली होती, आधी चूक शोधायची, मग अर्थ. ती म्हणाली, जाळत नव्हते मी, अग्नी देत होते. विनेश हसला. त्याचं हसणं वाईट नव्हतं, दिवसभर फिरून दमलेल्या माणसाचं होतं. म्हणाला, बाई, तुम्ही भाषा शिकवता, मी पंचनामे लिहितो, कागदावर दोन्ही एकच. पडवीतल्या खुर्चीवर बसून त्याने चहा संपवला, टोपी गुडघ्यावर ठेवली आणि वाट बघत राहिला. भार्गवीने पेन उचललं नाही. उद्या अलिबागला जाऊन येते, म्हणाली, त्याला एकदा बघून येते, मग सही. विनेशचा चेहरा बदलला. रितेश अकरा दिवस आत आहे बाई, तो हळू म्हणाला. तुमचाच विद्यार्थी.

हे त्याने सांगायची गरज नव्हती. अकरा दिवस ती दुसरं काही मोजतच नव्हती. रितेश, भागुबाईचा मुलगा, अगरदांड्याच्या फेरीबोटीवर दोर टाकायचं काम करणारा, पाचवीपासून दहावीपर्यंत तिच्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसलेला. मारणारे पंधरावीस होते. पोलीस आले तेव्हा सगळे पांगले होते आणि हातात नाव ओढायचा लोखंडी आकडा घेऊन रितेश एकटाच उभा होता, पळायचं असतं हे विसरल्यासारखा. खुनाच्या प्रयत्नाचं कलम लागलं होतं. आणि ज्याला मारलं तो आंद्री, युक्रेनचा खलाशी, दुरुस्तीसाठी बंदरात अडकलेल्या जहाजावरचा, जेट्टीजवळच्या लॉजमध्ये दीड महिना राहिलेला, तो अलिबागच्या इस्पितळात होता. त्याचा जबडा तुटला होता, डावा डोळा गेला होता. त्याच्यावरही गुन्हा होता, तिरंगा तुडवल्याचा आणि बाईमाणसावर हात टाकल्याचा. रितेशचा वकील विपुल येऊन समजावून गेला होता. बाई, तुमच्या जबाबात तिरंगा तुडवला एवढं आलं, की पोरगा रागाच्या भरात होता हे सिद्ध होतं, आठवड्यात जामीन. तो गोराही जाईल त्याच्या देशात. सगळ्यांचं भलं.

सगळ्यांना वाटत होतं तो तिरंगा होता. वाटणारच. दरवर्षी सोळा तारखेला बाई तिरंग्यांना अग्नी देतात हे दिघीत तान्ह्या पोरालाही ठाऊक. तो तिरंगा नव्हता हे फक्त दोघांना माहीत होतं. एकाचा जबडा तारांनी बांधलेला होता आणि त्याचा जबाब अजून कुणी घेतला नव्हता. दुसरीच्या कपाटात, रेशमी ब्लाउजांच्या थप्पीखाली, रुमालात गुंडाळलेला एक तुकडा होता, हाताच्या पंजाएवढा, एका बाजूने जळून काळा आणि कडक झालेला. वर निळा, खाली पिवळा. आणि पिवळ्यावर काळ्या शाईने, तिला न वाचता येणाऱ्या लिपीत, तीन नावं.

विनेश गेल्यावर ती पडवीतच बसून राहिली. जाळणं आणि अग्नी देणं. कचरा जाळतात, पाला जाळतात, जुनी वही जाळतात. अग्नी द्यायचा तो ज्याच्यापुढे हात जोडायचे त्याला. आई गेली तेव्हा चौलच्या वाडीत माडांमधून माणसं चालत गेली होती आणि भार्गवी, एकुलती एक मुलगी, कुंपणाच्या निवडुंगापाशी थांबवली गेली होती. बायका पुढे येत नाहीत, कुणीतरी म्हणालं, कुणी ते आठवत नाही, हात आठवतो, तिच्या खांद्यावर पडलेला जड हात. मडकं चुलतभावाने फोडलं, देवव्रतने, जो आईला, त्याच्या गोदावरीकाकूला, वर्षातून एकदा भेटायचा. धूर वर गेला तो तिने लांबून पाहिला. आई सुपारी सोलताना ओव्या जुळवायची, स्वतःच्या, कुणाकडून न शिकलेल्या. अगीन माझा भाऊ । चुलीपाशी गं पाहुणा, देवापुढं दिवा । रानी वाघ होई पुन्हा. त्या धुराकडे बघताना भार्गवीला वाटलं, आईचा भाऊ आईला न्यायला आला आणि आपल्याला उंबऱ्यावरसुद्धा येऊ दिलं नाही. त्याच वर्षी पंधरा ऑगस्टनंतर रस्त्यावर, गटारात, फेरीतून उतरणाऱ्या गाड्यांच्या चाकांखाली पडलेले कागदी झेंडे तिने मुलांकडून गोळा करून घेतले. नियम वाचला. फाटका, मळका ध्वज एकांतात, सन्मानाने अग्नीच्या स्वाधीन करावा. नियमात बाई की पुरुष असं काही नव्हतं. शाळेमागच्या वाळूत तिने करवंट्या रचल्या, वर झावळीच्या काड्या, एक कापूर. पहिली काडी ओढली. मग दरवर्षी. एकटीच. हे तिचं होतं. दुसऱ्या कुणाच्या हातून तिने ते कधी होऊ दिलं नाही.

आणि आंद्रीचा तो छातीवरचा हात. तिथूनच सुरू झालं का? पंधरा तारखेला तो शाळेच्या झेंडावंदनाला आला होता, स्वच्छ शर्ट घालून, ओल्या केसांना भांग पाडून. मुलं त्याच्याकडे बघून हसत होती. दोरी ओढली, फुलं पडली, राष्ट्रगीत सुरू झालं आणि त्याने उजवा हात डाव्या छातीवर ठेवला. सगळं मैदान सावधान उभं. हात सरळ, मुठी बंद, अंगठे पुढे, असं तिनेच शिकवलेलं. आणि हा एक हात वर घेऊन उभा, जणू छातीत कळ आली आहे, जणू या गाण्याचाही काही भाग त्याचा आहे. तिला ते सहन झालं नाही. राष्ट्रगीत चालू असताना हलायचं नसतं, ती हलली. दोन पावलं टाकून तिने त्याचा हात मनगटाला धरून खाली केला, पाचवीतल्या मुलाचा करावा तसा. तो चमकला. त्याने तिच्याकडे पाहिलं, मान हलवली, आणि हात पुन्हा छातीवर नेला. त्याला वाटलं असेल, बाई हात चुकीच्या जागी आहे म्हणतात. या खेपेला त्याने तो आणखी नीट ठेवला, बोटं जुळवून. गेटापाशी उभा असलेला रितेश ते बघत होता. नंतर जिलब्या वाटताना तो बाईंच्या जवळ येऊन म्हणाला होता, “लई माज हाय त्याला. तुमी हात खाली केलात आन् त्यानं परत वर नेला.” तेव्हा ती म्हणू शकली असती, अरे, त्यांच्याकडे तसं करत असतील. तिच्या मनात ते वाक्य आलंसुद्धा होतं. पण मैदानभर मुलांसमोर तिचा हात झिडकारला गेल्याची आग कानांच्या पाळ्यांपर्यंत चढली होती. ती म्हणाली, “असू दे. बघू.” एवढंच. रितेशने ते कसं ऐकलं असेल? बघू म्हणजे काय, हे वर्गात बाईंच्या तोंडून मुलं वर्षानुवर्षं ऐकतात, आणि प्रत्येकाला कळतं की गोष्ट संपलेली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी फेरीच्या उतारावर तिला तो झेंडा सापडला. रात्रीच्या वाऱ्याने लॉजच्या कठड्यावरून उडाला असणार, हे नंतरचं शहाणपण. त्या क्षणी एवढंच दिसलं की चिखलात एक कापड आहे, त्याला बाजूला पट्टी शिवलेली आहे, पट्टीत पितळी छिद्रं आहेत, आणि त्यावरून अगरदांड्याहून आलेल्या तीन गाड्या गेल्या आहेत. वरचा निळा, खालचा पिवळा. कुणाचा का असेना, झेंडाच. उचलून शाळेच्या नळाखाली धुतला. चिखल गेला तेव्हा शाई दिसली. झेंड्यावर लिहिलेलं. सगळ्या पिवळ्या भागावर, वाकडंतिकडं, वेगवेगळ्या हातांचं. ध्वजावर काहीही लिहिणं हा त्याचा अपमान, हे ती दरवर्षी फळ्यावर लिहून द्यायची. कुणीतरी या बिचाऱ्या देशाच्या झेंड्यावर काहीबाही खरडून तो चिखलात टाकला होता. लॉज तीन मिनिटांवर होतं. विचारता आलं असतं. ही तीन मिनिटं गेले अकरा दिवस तिच्या मागे लागली होती, पाठीमागून चालणाऱ्या माणसासारखी. विचारलं का नाही? झेंडा त्याचा असेल असं मनात आलं नव्हतं? आलं होतं. आलं म्हणूनच विचारलं नाही. काल ज्याने हात खाली केला नाही त्याला दाखवायचं होतं, की आम्ही दुसऱ्याच्या झेंड्यालाही कसं वागवतो. तो बघणार नव्हता, तरी दाखवायचं होतं. आपण त्यांच्यापेक्षा मोठे आहोत, हे एकांतात, कुणी बघत नसताना, सिद्ध करायचं होतं. तिने तो झेंडा तिरंग्यांपेक्षाही नीट घडी घातला. कापूर दोन ठेवले. कागदी तिरंगे आधी जळून राख झाले, आणि मग तिने त्याला वर ठेवलं. तो सुती नव्हता. तो पेटला नाही, आकसला, आणि निळे थेंब होऊन करवंट्यांवर ठिबकू लागला. वास भयंकर आला. मेलेल्या कशाचा नव्हे, कशालातरी मारत असल्याचा. तिने हात जोडले, डोळे मिटले.

पावलं ऐकू आली तेव्हा आंद्री अगदी जवळ आला होता. ओरडत होता. दोन्ही हातांचा धक्का तिच्या छातीत बसला आणि ती मागे गेली, कुशीवर कलंडली, कपाळ दगडाच्या कुंपणावर आपटलं, ओठांवर गरम खारट ओघळलं. तिला वाटलं, हा मला मारणार. त्याने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो आगीवर चढला. रबरी सपाता होत्या पायात, त्या आगीत घालून तो तुडवू लागला, उड्या मारू लागला, वितळलेला निळा-पिवळा सपातांना चिकटला आणि प्रत्येक पावलागणिक तारा निघत होत्या, साखरेच्या पाकासारख्या. तो हातांनीही ओढत होता. बोटांची कातडी गेली असेल. एक कोपरा तुटून वाऱ्याने तिच्या मांडीवर आला, आणि तिने का कोण जाणे, मुठीत धरला. तेवढ्यात फेरीच्या रांगेतून कुणीतरी पाहिलं. काय पाहिलं असेल? बाई पडलेल्या, कपाळाचं रक्त पदरावर. परदेशी माणूस नाचतोय, पायांखाली आग, आणि सोळा ऑगस्ट.

पहिला आवाज ओल्या दोराचा होता. नांगराचा जाड दोर हवेत फिरून पाठीवर बसला की पखालीवर काठी मारल्यासारखा आवाज येतो. मग हेल्मेट. मग वल्ह्याचं पातं आडवं, गुडघ्यांच्या मागे, आणि तो खाली आला, आगीच्या कडेलाच. तो हातातलं सोडत नव्हता म्हणून त्याच्या हातावर उभे राहिले. कुणीतरी मोटारसायकलची साखळी आणली. त्यांच्या तोंडून घोषणा येत होत्या, त्याच घोषणा, ज्या कालच्या प्रभातफेरीत याच रस्त्याने ती मुलांकडून म्हणवून घेत गेली होती, आणि प्रत्येक घोषणेच्या शेवटच्या अक्षरावर एक लाथ. लय चुकत नव्हती. ती वाळूत कुशीवर पडली होती, गाल ओल्या वाळूला, आणि तिच्या डोळ्यांसमोर चपला होत्या, फक्त चपला, त्यातल्या कितीतरी तिच्या ओळखीच्या. राष्ट्रगीताला बावन्न सेकंद लागतात. तेवढंच चाललं असेल, किंवा त्याच्या दुप्पट. पोलिसांना तिने सांगितलं, मी बेशुद्ध होते. ती बेशुद्ध नव्हती. तोंड फुटलं नव्हतं, जीभ जागेवर होती. एक शब्द पुरला असता. थांबा. त्याचाच आहे. दोनच शब्द. ते घशापर्यंत आले आणि तिथे त्यांना दुसरं काहीतरी आडवं आलं, काहीतरी उबदार, गोड, ज्याची तिला आयुष्यात कधी ओळख झाली नव्हती. मला ढकललं याने. मारू देत. रितेश आकडा घेऊन आला तो गर्दीत सरळ शिरला नाही. तो आधी तिच्यापाशी थांबला. वाकला. त्याने तिच्या डोळ्यांत पाहिलं, तसं, जसं तिसऱ्या बाकावरून उत्तर देण्याआधी पाहायचा, बरोबर आहे का बाई, म्हणू का. डोळे उघडे होते तिचे. मान हलवायची होती, एवढंच, डावीकडून उजवीकडे. तिने हलवली नाही. तो वळला. आकड्याचं टोक आधी वर गेलं. मग तो आवाज. तो आवाज ती कुणालाही सांगू शकणार नव्हती, आणि अकरा दिवस तो तिच्या घरात राहत होता, कपबशीत, दाराच्या कडीत, नारळ फोडताना.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या फेरीने ती खाडी ओलांडून गेली. फेरीवर लोकांनी तिला बसायला जागा दिली, कपाळाच्या टाक्यांची चौकशी केली, एकाने नारळपाणी आणून दिलं. त्या मायेने ती गुदमरली. मुरुड गेलं, रेवदंडा गेला, चौलच्या माडांमधून गाडी जात असताना तिने बाहेर पाहिलं नाही. पर्समध्ये रुमाल होता. ठरवलं काहीच नव्हतं. त्याला बघायचं, तुकडा द्यायचा, जमलं तर समजावून सांगायचं, की आम्ही असं का करतो. ते एकदा त्याला कळलं की पुढचं सुचेल. कदाचित तोच म्हणेल, जाऊ द्या, गैरसमज झाला. मग रितेशही सुटेल. अशी एक वाट तिला दिसत होती, ज्यात सगळे सुटत होते, आणि तीही.

वॉर्डच्या दाराशी जहाजाच्या एजंटकडची मुलगी भेटली. अमिषा नाव सांगितलं, पनवेलच्या गुजराती कुटुंबातली, आंद्रीचे कागदपत्र तीच बघत होती. जबडा बांधलाय मॅडम, ती म्हणाली, बोलता नाही येत, लिहितो तो, इंग्लिश थोडं थोडं येतं त्याला, मी सांगते ना तुमचं. आत तो पलंगावर टेकून बसला होता. चेहरा म्हणावा असं फारसं उरलं नव्हतं. सूज पिवळी पडू लागली होती, अर्ध्या तोंडावर पट्टी, दोन्ही पावलं मोठ्या पांढऱ्या गाठोड्यांसारखी. उघडा डोळा तिच्यावर स्थिर झाला. तिने ओळखलं, त्याने ओळखलं. तिने रुमाल उलगडून तुकडा त्याच्या पांघरुणावर ठेवला. बोटांना पट्ट्या होत्या, तरी त्याने तो दोन्ही तळव्यांत उचलला. नावं वाचली. उलटून पाहिला, बाकीचं मागच्या बाजूला असेल तसा. मग तिच्या पर्सकडे पाहिलं. तिने मान हलवली, आणखी नाही. त्याने वहीवर एक शब्द लिहिला. अमिषा म्हणाली, का म्हणून विचारतोय.

आणि भार्गवी बोलू लागली. वर्गात बोलावं तसं, सावकाश, मुद्दे धरून. आमच्याकडे झेंडा फाटला, मळला तर तो फेकत नाहीत. त्याला मान देऊन निरोप देतात. आईबापांना देतो तसा. मी तो स्वच्छ धुतला होता. हात जोडले होते. अमिषा मान डोलावत होती, वाक्यावाक्याला इंग्रजीत सांगत होती. मग थांबली. जाळलं असंच सांगू ना, तिने विचारलं.

“नाही,” भार्गवी म्हणाली. “जाळलं नाही. अग्नी दिला. माणसाला देतो तसा.”

अमिषाने क्षणभर शब्द शोधला आणि सांगितला. मेलेल्या माणसाचाच तो शब्द होता, भार्गवीला तेवढं इंग्रजी कळत होतं. तिने समाधानाने मान हलवली. हाच. बरोबर हाच.

आंद्री निश्चल झाला. मग त्याचा हात इतक्या वेगाने आला की तिला तो दिसलाच नाही. मनगट धरलं गेलं, पट्टीतून त्याची हाडं तिच्या हाडांवर आवळली, आणि त्याने तिला खाली ओढलं, इतकं खाली की त्याच्या तोंडाच्या तारा तिला दिसल्या, तारांमागून येणारा आवाज तिच्या गालावर लागला, गोठ्यात दाव्याचा फास बसलेल्या जनावराचा असतो तसा. सलाइनची सुई निसटली, पांघरुणावर रक्ताची रेघ उमटली. मनगटात काहीतरी कट्कन झालं. ती ओरडली नाही. नर्स आणि वॉर्डबॉय धावून आले, त्यांनी एकेक बोट सोडवलं. तो धापा टाकत होता. मग त्याने वही ओढली आणि लिहिलं, लिहितच राहिला, पेनाच्या टोकाने कागद फाटला. अमिषाने वाचलं आणि वही मिटली. भार्गवीने सांग म्हटलं तेव्हा ती खालमानेने सांगू लागली. त्याच्या भावाच्या तुकडीतल्या लोकांची नावं होती मॅडम. लढायला जाताना सगळ्यांनी झेंड्यावर सही केली आणि याला दिला. त्यांच्याकडे तसं करतात. अकरा जण. त्यातल्या सात जणांचा दोन वर्षं पत्ता नाही. भाऊ पण त्यातच.

“तो म्हणतो, मिसिंग आहेत,” अमिषा म्हणाली. “मेले नाहीत. तुम्हाला कुणी सांगितलं मेले म्हणून?”

भार्गवी भिंतीशी गेली आणि तिथेच टेकून उभी राहिली. मनगट सुजत होतं. तिला येसाजी आठवला, भागुबाईचा नवरा, सात वर्षांपूर्वी जयगडच्या पुढे होडीसकट गेलेला. होडीची फळी मिळाली, माणूस मिळाला नाही. वर्ष उलटल्यावर भावकी जमली. गवताचा पुतळा करू, त्याला अग्नी देऊ, दिवस घालू, म्हणजे त्यालाही गती मिळेल आणि तूही मोकळी होशील. भागुबाई कोयता घेऊन दारात उभी राहिली होती. पुतळ्याला काडी लावाल तर एकेकाचं मनगट तोडीन, म्हणाली, मेला न्हाय तो, घरी न्हाय एवढंच. भार्गवी तेव्हा शिकलीसवरलेली बाई म्हणून समजूत घालायला गेली होती, आणि तिच्या कपाळावरच्या रुपयाएवढ्या कुंकवाकडे बघून काही न बोलता परत आली होती. हे सगळं तिला माहीत होतं. दुसऱ्या कुणाला नसेल, तिला माहीत होतं. अग्नी दिला म्हणजे माणूस गेला. तिचा तो जपलेला, कुरवाळलेला, वर्षानुवर्षं अभिमानाने मिरवलेला शब्द, त्याने सात माणसं एका दुपारी मारली होती, आणि आत्ता, याच्या कानात, पुन्हा एकदा. तिने अमिषाला सांगितलं, त्याला सांग, अग्नी नाही दिला. चूक झाली बोलण्यात. चिंधी समजून जाळला. फक्त कापड जळलं. अमिषा गोंधळली, पण तिने सांगितलं. तो डोळा भार्गवीवर होता. त्यात क्षमा नव्हती, द्वेष होता, स्वच्छ, सरळ. पण श्वास हळूहळू खाली आला. तुकडा त्याने शर्टाच्या आत, उघड्या छातीशी सरकवला, आणि वर हात ठेवला.

अमिषाने आधीच तुकड्याचा फोटो काढून ठेवला होता. तो घेऊन भार्गवी तिसऱ्या प्रहरी दिघीला उतरली आणि सरळ ठाण्यात गेली. विनेशने तिचं मनगट पाहिलं, पाणी दिलं, कालचा कागद काढला. नवा घ्या, ती म्हणाली. आणि फोटो दाखवून सांगितलं. झेंडा तिरंगा नव्हता, त्याच्याच देशाचा होता. काडी मी ओढली. तो विझवत होता. विनेशचं पेन थांबलं. त्याने दार लोटून घेतलं. बाई, हे लिहिलं तर पोराला जामीन नाही, म्हणाला, आणि तुमच्यावरही येतं. तिने लिहा म्हटलं. त्याने कागद पुन्हा जवळ ओढला. मग लिहू लागला, आणि एका ठिकाणी थबकून म्हणाला, इथे तुमचा तो शब्द घालू, अग्नी दिला? काल तुम्ही म्हणाला होतात.

“जाळला लिहा,” ती म्हणाली.

पुढचंही तिने सांगितलं. बेशुद्ध नव्हते. सगळं दिसत होतं. रितेशने माझ्याकडे पाहिलं, मी नको म्हटलं नाही. विनेशने पेन खाली ठेवलं. म्हणाला, हे कुणी विचारलेलं नाही, बाई, आणि बघण्याला कलम नसतं. ते त्याने लिहिलं नाही. तिने डाव्या हाताने सही केली. वेडीवाकडी आली, पहिलीतल्या मुलासारखी.

बाहेर पायऱ्यांशी बातमी तिच्याआधी पोचली होती. जेट्टीवरचे लोक जमले होते, सकाळी जागा देणारे, नारळपाणी आणणारे. एक खडा आला, पाठीला लागला, छोटासा, चाचपून बघितल्यासारखा. मग दुसरा, मोठा, कानाला. कुणीतरी हळूच म्हणालं, गोऱ्याचा पुळका आला बाईला. गर्दी बाजूला झाली आणि भागुबाई पुढे आली, डोक्यावरची माशांची पाटी कुणाच्यातरी हातात देऊन, ओले हात लुगड्याला पुसत. ती ओरडली नाही. बाजारात भाव विचारावा तशा आवाजात तिने विचारलं, “सही क्येलीत?”

“केली.”

“माज्या पोराला भेटून आले मी सकाळी. तो काय म्हनतो म्हायतीय? म्हनतो, आये, मी बाईंकडं बगितलं व्हतं. बाई नको म्हनाल्या न्हायत.” ती आणखी एक पाऊल जवळ आली. तिच्या अंगाला खाडीचा, मिठाचा, कापलेल्या माशाचा वास होता. “पाचवीपासनं तुमच्याकडं व्हता. झेंड्यापायी मरायचं, मारायचं, मी न्हाय शिकवलं त्याला. मला कुठं येतंय. तुमीच शिकवलंत. आनि आता लिवून दिलंत त्यानं मारलं. त्ये लिवलंत का, बाई, त्यानं कुनाकडं बगून मारलं?”

“सांगितलं मी,” भार्गवी म्हणाली. “त्यांनी लिहिलं नाही.”

“व्हय? मंग मी लिवते,” भागुबाई म्हणाली, आणि तिचा हात उठला. भार्गवीने चष्मा काढला, घडी करून डाव्या मुठीत धरला, आणि थांबली.